दोन पॅनेल, समांतर

नणंदेला फोनवर 'नको ताई, मी बघते' असे सांगायला मला चार सेकंद पुरले. त्यापुढच्या अकरा दिवसांत मी काय काय बघितले, त्याचा हा अहवाल आहे. (नवऱ्याच्या मते याला अहवाल म्हणत नाहीत, कबुलीजबाब म्हणतात.)

झाले असे की आमच्या जिन्यात वीज कंपनीची नोटीस लागली. रस्त्याखालची केबल बदलायची असल्यामुळे पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी सकाळी आठपासून गुरुवारी सकाळी आठपर्यंत गल्लीतला वीजपुरवठा बंद राहणार होता. इतर बिऱ्हाडांनी ती नोटीस वाचून मेणबत्त्या आणल्या. आम्हाला मेणबत्त्यांचा उपयोग नव्हता. माझ्या सासूबाईंचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. त्यासाठी त्या रात्री नाकावर मुखवटा लावून झोपतात आणि उशाशी ठेवलेले एक लहानसे यंत्र नळीतून दाबाने हवा सोडत राहते. "एक रात्रसुद्धा यंत्राशिवाय नको," असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, आणि हे सांगताना त्या हसल्या नव्हत्या.

"आईला तीन रात्री इकडे पाठव," नणंद म्हणाली. त्यावर माझे ते चार सेकंद.

माझे म्हणणे निराधार नव्हते. आमच्याकडे पॉवर स्टेशन होते. नावावरून कोणाच्या डोळ्यांपुढे धुराडी येतील म्हणून खुलासा करते. ही साडेसहा किलोची, वर मूठ असलेली, बुटांच्या दोन खोक्यांएवढी बॅटरी आहे. सासूबाई तिला 'पेटी' म्हणतात, आणि तेच नाव अधिक प्रामाणिक आहे. पूर्ण भरलेली पेटी यंत्राची एक रात्र काढते आणि तळाशी एकतीस टक्के उरतात. हा आकडा मी तीन वेगवेगळ्या रात्री मोजून काढला होता. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. एका निरीक्षणावर मी विश्वास ठेवत नाही.

थोडक्यात, एका रात्रीला एकोणसत्तर टक्के. रात्री तीन, पेटी एक. दर दिवसा ती पुन्हा भरायची, आणि वीज नाही.

ती विद्यापीठात नेऊन भरता आली नसती का, असे वाचकांच्या मनात येईल. आली असती. पण खोल्यांमधल्या प्लगांवर खाजगी उपकरणे लावण्यास विद्यापीठात बंदी आहे. ही बंदी एका सहकाऱ्याच्या चहाच्या किटलीवरून घालण्यात आली, आणि त्या समितीची अध्यक्ष मी होते.

तेव्हा सूर्य. सौर पॅनेल, घडीचे, उचलून गॅलरीत मांडता येईल असे.

मी तक्ता केला. चौदा पॅनेल, एकोणीस रकाने. वजन, घडीचा आकार, तारेची लांबी, प्लगचे तोंड, पाण्याचा बचाव, हमीची वर्षे, हमी न पाळल्याच्या तक्रारी. प्रत्येक रकान्याला भारांक. शेवटी एक गुणांक यायचा आणि त्यावरून क्रम लागायचा. नवरा खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिला.

"लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली होतीस?"

"नव्हती. तेव्हा नमुना एकच होता."

दुकानात मात्र तक्त्याचा टिकाव लागेना. दुकानदाराने एक पॅनेल काउंटरवर उलगडले आणि त्यावर प्रेमाने हात फिरवला.

"दोनशे वॉट, मॅडम."

मी पर्समधून मोजपट्टी काढली. (ती असते.) लांबी-रुंदीचा गुणाकार केला. "हे अर्धा चौरस मीटरही भरत नाही. एवढ्या जागेवर भर दुपारी सूर्यच मुळी पाचशे वॉट टाकतो. त्यातले उत्तम पॅनेलला बावीस टक्के मिळतात. म्हणजे एकशे दहा. वरचे नव्वद कुठून आले?"

"कंपनीकडून," तो म्हणाला.

मग त्याने निमूटपणे आतून दुसरे आणले. ते खरोखरीचे दोनशे वॉटचे होते. आकाराने मोठे, चार घड्यांचे. "हे घ्या. एक पॅनेल, एक वायर. पेटीत खोचली की विषय संपला."

"आणि हे एकच बिघडलं तर?"

"बिघडत नाही."

"शंभरात किती बिघडतात?"

"शंभर विकली की सांगतो, मॅडम."

या उत्तरावर कोणत्याही विचारी माणसाने जे केले असते तेच मी केले. एक दोनशेचे न घेता शंभराची दोन घेतली. एक बिघडण्याची शक्यता शेकडा तीन धरली, तर दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता दहा हजारांत नऊ. सासूबाईंच्या श्वासाला मी दहा हजारांत नऊपेक्षा जास्त धोका पत्करणार नव्हते.

"मग दोन एकमेकांना जोडावी लागतील," दुकानदार चाचरत म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

खरेच ठाऊक होते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात ते आहे. जोडणी दोन प्रकारची असते. एकाची तार दुसऱ्यात आणि दुसऱ्याची पेटीत, अशी माळ केली की ती एकसर जोडणी. तीत दाबाची बेरीज होते. दोघांच्या तारा स्वतंत्रपणे पेटीपर्यंत आल्या की समांतर. तीत दाब एकाचाच राहतो. माझी पेटी तीस व्होल्ट सहन करते. एका पॅनेलचे बावीस. समांतर जोडली तर बावीसच, एकसर जोडली तर चव्वेचाळीस. चव्वेचाळीसला पेटी आत्मरक्षणार्थ दार लावून घेते आणि एक कणही आत घेत नाही. हे सगळे मला पाठ होते. फक्त मंगळवारी जोडणी मी करणार नव्हते.

मंगळवारी विद्यापीठात तोंडी परीक्षा होत्या आणि सकाळी आठपासून मला तिथे हजर राहणे भाग होते. नवरा घरी होता, कारण तो ज्या आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे त्याचे कार्यालयही आमच्याच अंधाऱ्या गल्लीत आहे. बावीस वर्षे तो नकाशे काढतो आहे. आमच्या घरातली एकही तसबीर वाकडी नाही. पाहुण्यांनी टीपॉय सरकवला तर ते गेल्यावर तो पट्टी घेऊन पूर्ववत केला जातो. अशा माणसावर काम सोपवताना मला चिंता वाटायचे कारण नव्हते. तरी वाटत होती, म्हणून मी लेखी सूचना केल्या. चार पाने, सव्वीस कलमे.

अकरावे कलम असे होते : 'दोन्ही पॅनेल समांतर जोडावीत. एकसर मुळीच जोडू नयेत.' खाली दोन रेघा. 'पॅरलल' आणि 'सीरीज' असे लिहावे की काय, हा विचार क्षणभर मनात आला होता. पण आपल्या भाषेत इतके नेमके शब्द असताना उसने कशाला आणायचे, म्हणून मी तो झटकला.

सोमवारची रात्र ठरल्याप्रमाणे गेली. मंगळवारी सकाळी पेटी बरोबर एकतीस टक्क्यांवर होती. मी तो आकडा नवऱ्याला दोनदा दाखवला.

"आज दुपारी दोन सत्तेचाळीसपर्यंत गॅलरीत ऊन आहे. नंतर सूर्य समोरच्या इमारतीमागे जातो. तोपर्यंत एकोणसत्तरच्या वर गेली पाहिजे."

"जाईल गं."

"कलम अकरा वाचलंस?"

"तेच सगळ्यात सोपं आहे," तो म्हणाला.

पावणेदहाला, दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या फटीत, मी फोन केला.

"जोडलीस?"

"केव्हाच."

"समांतर?"

"समांतर."

"नक्की?"

"अगं, अर्ध्या मिलीमीटरचाही फरक निघाला तर माझं नाव बदल."

"आणि एकसर नाही ना?"

"वेडी आहेस का? एकसर केली असती तर दुसरं कठड्याबाहेर गेलं असतं."

मिलीमीटर हे विजेच्या जोडणीचे एकक नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही. समोर एक मुलगी येऊन बसली होती आणि मी तिला 'गृहीतक तपासून पाहणे म्हणजे काय' हा प्रश्न विचारत होते.

साडेअकराला पुन्हा.

"दिवा लागलाय का पेटीवरचा?"

"मघापासून. चांगला उघडझाप करतोय."

"टक्के?"

"अठ्ठावीस."

"सकाळी एकतीस होते!"

"माझा फोन लावला होता थोडा वेळ. तू फोन करणार, मग तो चालू नको?"

"कलम एकोणीस! पेटीवर फोन लावायचा नाही, असं स्पष्ट लिहिलंय मी. मी माझा लावला का?"

"म्हणूनच म्हटलं, घरात एक तरी चालू हवा."

"पण वाढत का नाहीत?"

"अगं, ऊन आत्ता कुठे तापायला लागलंय. धीर धर."

मी धीर धरला. म्हणजे पुढच्या चार विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांच्या मागे मी भागाकार करत बसले. एकोणसत्तर वजा अठ्ठावीस, एक्केचाळीस. तीन तास सतरा मिनिटे. दोन्ही पॅनेलनी निम्मी क्षमता दिली तरी पुरेसे होते. चतुर्थांश दिली तर नव्हते. चतुर्थांशच का द्यावी? ढग? खिडकीतून पाहिले. ढग नव्हता. मग काय? बाहेरच्या परीक्षकांनी मला विचारले, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हणाले, "अठ्ठावीस."

सव्वा वाजता तिसरा फोन. तोवर माझाच फोन चार टक्क्यांवर आला होता.

"टक्के सांग."

"अठ्ठावीस."

"अजून?"

"स्थिर आहे. हल्ली काय स्थिर असतं सांग."

"विनोद करू नकोस. पेटीच्या पडद्यावर आणखी काय दिसतंय ते जसंच्या तसं वाच."

"आणखी? हां. इंग्रजी ओ. मग व्ही."

मागून सासूबाईंचा आवाज आला. "काय लिहिलंय रे?"

"ओव्ही, आई."

"ओवी? मग अशी तोंडातल्या तोंडात काय वाचतोस, मोठ्यानं म्हण की!"

ओ आणि व्ही म्हणजे ओव्हर व्होल्टेज. माहितीपुस्तिका, पान बावन्न. दाब मर्यादेबाहेर.

"दिव्याचा रंग कोणता आहे?"

"लाल."

"लाल?"

"अगं, फोन चार्ज होताना पण लालच असतो ना!"

"पॅनेलच्या तारा कुठे गेल्यात? एकेक सांग."

"पहिल्याची दुसऱ्यात. दुसऱ्याची पेटीत."

"मग समांतर कुठे आहेत ती?"

"कुठे म्हणजे?" आता तोही दुखावला. "समोर दिसतायत! दोन्हीत बरोबर वीस सेंटिमीटर अंतर, वर तेवढंच, खाली तेवढंच. टी-स्क्वेअर लावून मांडलीयत मी. एकापुढे एक ठेवायला जागा नव्हतीच, शिवाय तू एकसर नको म्हणालीस, म्हणून शेजारी शेजारी घेतली. याहून समांतर या जगात काही असेल तर आणून दाखव!"

चार पाने, सव्वीस कलमे. आणि प्रत्येक कलमाचे त्याने अक्षरशः पालन केले होते. (एकोणीस सोडून.)

"ऐक. पॅनेलच्या पिशवीत दोन तोंडांची एक तार आहे..."

"ती होय? ती उरली होती. आईनं ती घेऊन गॅलरीचं..."

एवढ्यात माझा फोन विझला. कलम एकोणीसचे काटेकोर पालन करणारी त्या घरातली एकमेव व्यक्ती मी होते.

राहिलेल्या तीन विद्यार्थ्यांना मी प्रत्येकी एकच प्रश्न विचारला आणि तिघांनाही उत्तीर्ण केले. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत असे कधी घडलेले नाही. बाहेर ते एकमेकांना टाळ्या देत होते म्हणे.

मी धापा टाकत घरी पोचले तेव्हा दोन अठ्ठावन्न झाले होते. सूर्य दोन सत्तेचाळीसला समोरच्या इमारतीमागे गेला होता. माझा हिशेब मिनिटाचाही चुकला नव्हता.

गॅलरीचे दार वाऱ्याने आपटत होते म्हणून सासूबाईंनी ते दोन तोंडांच्या तारेने कठड्याला बांधून ठेवले होते. गाठ पक्की होती. मी ती दातांनी सोडवली, दोन्ही पॅनेल तिच्या दोन तोंडांत जोडली आणि तिसरे टोक पेटीत खोचले. लाल दिवा विझून हिरवा लागला. पडद्यावर आकडा आला.

"किती?" सासूबाईंनी विचारले. त्या आरामखुर्चीत बसून हे सगळे नाटकासारखे बघत होत्या.

"सात वॉट, आई."

"वाट लागली म्हण ना सरळ. आकडा कशाला सांगतेस?"

सात वॉटने एक्केचाळीस टक्के भरायला एकोणतीस तास लागतात. हातात उन्हाचे शून्य तास होते. मी पॅनेल भिंतीवर टेकवून पाहिली, आडवी धरून पाहिली, कठड्यावर चढून हातांनी उंच धरली. नवऱ्याने माझे पाय धरले. आकडा नऊ झाला, मग सहा झाला. खालून कोणीतरी ओरडून विचारले, "ताई, टीव्ही दिसत नाही का?"

मी खाली उतरले आणि सासूबाईंसमोर बसले. कुठल्याही शोधनिबंधात मला जे वाक्य कधी लिहावे लागले नव्हते, ते मी म्हणाले.

"आई, मी चुकले. आज रात्री पेटी पुरणार नाही. मध्यरात्रीनंतर यंत्र बंद पडेल."

"तो चुकला."

"नाही. त्यानं लिहिलं तसं केलं. लिहिलं मी. ताईंकडे जाऊ या आपण."

सासूबाई मुखवट्याचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत म्हणाल्या, "जाईन गं. लेकच आहे ती माझी. पण तिकडे सगळी गाढ झोपणारी माणसं. मुखवटा सरकला की यंत्राचा आवाज बदलतो ना, तो मला कुठे कळतो? मी तर झोपलेली. तो तुला कळतो. भिंतीपलीकडून उठून येतेस तू. मला वाटतं, तुला माहीत नाही की मला माहीत आहे."

मला खरोखर माहीत नव्हते. मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

तरीही मी नवऱ्याच्या फोनवरून (भरपूर चार्ज होता त्याचा) नणंदेला फोन लावला. "ताई, मी बघितलं. जमलं नाही."

"अगं मग आण ना तिला. मी खोली झाडूनच ठेवलीय."

तिने टोमणा मारला नाही. मारला असता तर मला फार सोपे गेले असते.

गल्ली खणून ठेवल्यामुळे टॅक्सीवाले यायला तयार नव्हते. दोघांनी हो म्हणून नाही म्हटले. तेव्हा मी तळमजल्यावर गेले. तिथे मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे एक गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना क्लचकाका म्हणते. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी, खड्ड्यांच्या पलीकडे उभी असते.

"गाडी न्या की," ते म्हणाले. "पण चालवणार कोण? हा बघा." त्यांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये स्टुलावर ठेवलेला होता. "तुमचे मिस्टर?"

"त्याला गाडी येत नाही. तो फक्त पार्किंगच्या रेषा आखतो."

"मग तुम्ही. तुमचा शिकाऊ परवाना अजून जिवंत असेल."

"काका, मी चार तासिकांनंतर सोडलं."

"सोडलं कसलं? तुम्ही मला विचारलंत, अर्धा क्लच म्हणजे नेमके किती टक्के. मी म्हटलं, ते पायाला विचारा. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आलाच नाहीत." ते कुबडी घेऊन उठले. "चला. माझ्या बाजूला जादा ब्रेक आहे आणि माझा डावा पाय धडधाकट आहे."

सासूबाई मागे बसल्या, मांडीवर पेटी घेऊन. शेजारी नवरा, त्याच्या मांडीवर श्वासाचे यंत्र. पेटी न्यायचे खरे तर कारण नव्हते, पण सासूबाई तिला घरी एकटी ठेवायला तयार होईनात. मी स्टिअरिंगपाशी बसले. आरसे तपासले, आसन तपासले, पुन्हा आरसे.

"ते मागे काय आहे हो?" क्लचकाकांनी वळून पाहिले. "बॅटरीची पेटी? आमच्या साडूकडे आहे तसली. मग ती अशी मांडीवर काय घेऊन बसलात, इथे खोचा की!" आणि त्यांनी गिअरजवळच्या सॉकेटवरचे झाकण उडवले.

माहितीपुस्तिकेची एकेचाळीस ते त्रेचाळीस ही पाने 'वाहनातून चार्जिंग' या विषयाला वाहिलेली आहेत. मी ती उघडली होती. आपल्याकडे वाहन नाही म्हणून समासात पेन्सिलीने 'लागू नाही' असे लिहून बंदही केली होती. त्यासाठीची तार पेटीच्याच कप्प्यात, वेष्टन न काढलेली, गेले वर्षभर पडून होती.

नवऱ्याने तार खोचली. पडद्यावर शंभर वॉट आले. मी आरसे तिसऱ्यांदा तपासले.

"एक गोष्ट," क्लचकाका म्हणाले. "इंजिन बंद पडलं की भरणं बंद. तेव्हा बंद पाडू नका."

मी लगेच बंद पाडले.

नणंदेचे घर चाळीस मिनिटांवर आहे. मी ताशी वीसच्या वेगाने निघाले, कारण वीसला थांबायला किती अंतर लागते ते मला पाठ होते आणि तीसचे आठवत नव्हते. मागून सासूबाई टक्के पुकारत होत्या.

"तीस!"

"दुसरा गिअर टाका," क्लचकाका म्हणाले.

"कारण?"

"कारण गाडी रडतेय."

"एकतीस! अगं, बंद पडली का पुन्हा?"

"सिग्नल होता, आई."

"सिग्नल हिरवा होता गं."

एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. थोड्या वेळाने तोच आपले काम उरकून समोरून परत येताना दिसला. त्याने ओळखीचे हसू दिले. माझ्या मानेत लोखंडी सळई शिरली होती, आणि प्रत्येक वळणाला मला वाटे की आता आपण भिंतीत जाणार, पेटी फुटणार आणि मी संख्येने नव्हे तर नावानिशी वर्तमानपत्रात येणार. मागे नवरा यंत्राला कवटाळून डोळे मिटून बसला होता. फक्त एकदा उघडून म्हणाला, "डावीकडच्या पट्ट्याला समांतर ठेव." त्यानंतर त्याच्या आईने त्याला बोलू दिले नाही.

"पंचावन्न!"

"अर्धा क्लच," क्लचकाका म्हणाले.

"म्हणजे किती..." मी बोलता बोलता थांबले. पायाला विचारले. पायाने उत्तर दिले. गाडी चढावर न थांबता पुढे सरकली, आणि क्लचकाकांनी जादा ब्रेकवरून आपला पाय हळूच उचलून घेतला.

साडेसहाला आम्ही नणंदेच्या फाटकाशी पोचलो. म्हणजे अडीच तासांनी. ती बाहेरच उभी होती.

"काय झालं काय? चाळीस मिनिटांच्या रस्त्याला एवढा वेळ? माझा जीव टांगणीला लागला इथे!"

सासूबाईंनी आधी पडदा पाहिला. मग माझ्याकडे. "किती लागतात म्हणालीस रात्रीला?"

"एकोणसत्तर."

"त्र्याहत्तर झालेत." त्यांनी काच खाली केली. "अगं, मी राहत नाही. पेटी भरली. घरीच जाते."

"मग आलीस कशाला?" नणंद थक्क झाली.

"तुला भेटायला. येऊ नये का? जा, सगळ्यांना पाणी आण. सुनेला आधी दे, तिनं गाडी चालवलीय."

तहान लागली होती हे खरे. पण त्याबरोबरच, प्रथमच, मला जरा बरेही वाटत होते. रात्र सुटली होती. परतीच्या वाटेवर आणखी भरणार होती. आणि काही झाले तरी चार माणसे आणि एक श्वास मी स्वतः चालवत इथवर आणला होता. नणंद पाणी घेऊन आली तेव्हा मी खांदे जरा ताठच केले.

क्लचकाकांनी पुढच्या कप्प्यातून शिकाऊ उमेदवारांची कार्डे काढली आणि त्यांतले माझे शोधले. "नियम म्हणजे नियम. प्रत्येक तासिकेनंतर शेरा लिहावा लागतो," ते म्हणाले आणि पेन झटकून लिहू लागले. आयुष्यभर मी दुसऱ्यांना शेरे दिले. आज पहिल्यांदाच कोणाचा तरी शेरा वाचायला मी उत्सुक होते. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिले. फाटकावरच्या दिव्यात मी ते वाचले. अक्षर सुवाच्य होते, भाषा नेमकी होती, आणि हरकत घ्यायला कुठेही जागा नव्हती.

'तासिका पाचवी. इंजिन बंद पडले : अकरा वेळा. प्रगती : समाधानकारक (बॅटरीची).'